सीमेपलीकडे मुका झालेला फोन

मित्रांनो, माझ्या पाठीवर पिवळ्या मेणाचा एक थेंब कायमचा चिकटला आहे आणि दोनच्या बटणावरचा रंग पार उडून गेला आहे. एवढं पाहून जाणकार माणूस ओळखेल, की हा फोन देवळात राबलेला आहे आणि यावरून वर्षानुवर्षं एकाच माणसाला हाक मारली गेली आहे. खरंच आहे ते. मी ग्रीसच्या डोंगराळ सरहद्दीवरच्या पेत्रोव्रिसी गावचा, थिमिओस मास्तरांचा जुना बटणांचा मोबाइल.

माझा जन्म दूर पूर्वेकडच्या एका कारखान्यात झाला. तिथे माझ्यासारखी हजारो भावंडं एका सरकत्या पट्ट्यावरून रांगेने चालली होती. कुणी आम्हांला नाव दिलं नाही, फक्त नंबर दिला. मग खोक्यातला अंधार, आणि एके दिवशी योआनिना शहरातल्या दुकानाचं काचेचं कपाट. शेजारी मोठ्या चकचकीत पडद्यांचे फोन होते. ते माझ्याकडे बघून हसत असावेत असं मला वाटे. पण मास्तरांची मुलगी आली आणि तिने नेमकं माझ्यावर बोट ठेवलं. बापाच्या हातात मला देत ती म्हणाली, "बाबा, हा पडला तरी फुटत नाही. आणि हे दोनचं बटण दाबून धरलंत की आईला फोन लागतो. बाकी काही शिकू नका, शिकलात तर बिघडवाल."

मास्तर खरोखरच बाकी काही शिकले नाहीत.

ते देवळातले स्तोत्रगायक. आमच्याकडे अशा गायकाला सगळं गाव 'मास्तर'च म्हणतं. आमच्या देवळात प्रवचन नुसतं सांगत नाहीत, ते गातात. देवाच्या मातेचं दुःख, संतांची परीक्षा, पाप्याचा पश्चात्ताप, सगळं सुरांत बांधलेलं असतं. मास्तर गाऊ लागले की खांबाला टेकून डुलक्या घेणारे म्हातारेही ताठ बसत. मी निर्जीव खरा, पण त्या आवाजाने माझ्या आतल्या पत्र्यालाही झिणझिण्या येत. देवाचं नाव असं गळ्यातून रुजावं लागतं, हे मी तिथे शिकलो.

मास्तरांची बायको लाम्ब्रिनी हीच त्यांची खरी परीक्षक. तिच्या कमरेचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, आणि डॉक्टरांनी बजावलं, की कुणाच्या आधाराशिवाय पाय जमिनीला लावायचा नाही. तेव्हापासून तिचं देऊळ सुटलं. मग मास्तरांनी एक तोड काढली. उपासनेआधी ते दोनचं बटण दाबून धरत, घरच्या बिनतारी फोनवर लाम्ब्रिनी येई, आणि ते मला पोथी ठेवायच्या उंच लाकडी घडवंचीवर, मेणबत्तीशेजारी आडवं ठेवून देत. संपूर्ण उपासना मी उघड्या कानाने ऐके आणि डोंगरउतारावरच्या त्या घरात पोचवी. मधेच पाद्रीबाबांचं बोलणं सुरू झालं, की मास्तर वाकून कुजबुजत, "ऐकतेस ना?"

पलीकडून उत्तर येई, "ऐकतेय. मघाचं कडवं पळवलंस. बस पकडायची होती का?"

आमच्या महिन्याच्या योजनेत देशातलं सगळं बोलणं फुकट होतं. त्यामुळे बोलण्याला पैसे पडतात ही गोष्टच मास्तर विसरून गेले होते. मागे एकदा मुलीकडे इटलीला गेलो, तेव्हाही काही जादा पडलं नव्हतं. युरोपातल्या संघाच्या देशांत तसा नियमच आहे. मास्तरांची समजूत झाली, की फोनला सगळं जग सारखंच.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं संकट तिच्यातूनच उगवलं. या प्रसंगाच्या आदल्या वर्षी उपवासाच्या दिवसांत मास्तर गाता गाता घडवंचीशेजारी कोसळले होते. हृदयाचं दुखणं. लाइन उघडी होती. लाम्ब्रिनीने पोथी पडल्याचा, माणसं धावल्याचा आवाज ऐकला आणि कुणीतरी फोनकडे लक्ष देईपर्यंत ती एकटी ओरडत राहिली. ते बरे होऊन घरी आले तेव्हा दोघांनी एक करार केला. मास्तर तिचा हात धरून म्हणाले, "मी गाणं पुरं केल्याशिवाय लाइन कधीच तोडणार नाही. कधीच नाही."

ती म्हणाली, "म्हणजे तुटली तर मी समजायचं की तू पडलास."

"हो. पण तुटणार नाही."

आणि मला खात्रीने ठाऊक आहे, त्या शब्दांवरच ती पुढे निश्चिंत झोपत होती.

ऑगस्टच्या मध्यावर मरियामातेचा मोठा सण येतो. त्या वर्षी सरहद्दीपलीकडून, अल्बेनियातल्या स्काम्न्या गावाहून पाद्रीबाबांचा निरोप आला. त्या गावात आमचीच भाषा बोलणारी, आमच्याच देवळाची माणसं राहतात. मास्तरांच्या आईचं ते माहेर. त्यांचा स्तोत्रगायक जर्मनीला कामाला निघून गेला होता आणि सणाला देऊळ मुकं राहणार होतं.

मास्तर घुटमळत होते. लाम्ब्रिनीच म्हणाली, "जा. तुझ्या आजोळची मरियामाता आहे. मी काय, इथलं ऐकते तसं तिथलंही ऐकेन."

"शेजारची पागोना येईल ना तुझ्याकडे?"

"सकाळी येईल, चहा देईल, मग खालच्या गावच्या देवळात जाईल. सगळेच जाणार आहेत, आपल्या पाद्रीबाबांची उपासना यंदा तिकडे आहे. दुपारी येईल परत. आता जातोस का मी ढकलू? ढकलता येत नाही म्हणून माजलायस."

असे आम्ही सणाच्या आदल्या दिवशी निघालो. सरहद्दीची चौकी मास्तरांनी पायी ओलांडली. ती ओलांडताच माझ्या ओळखीचा टॉवर सुटला आणि परक्या टॉवरने मला धरलं. त्याच क्षणी माझ्यावर संदेश उतरला: आपण संघाबाहेरच्या देशात आहात, इथे केलेल्या आणि आलेल्या प्रत्येक बोलण्याला मिनिटामागे इतके पैसे. आकडा वाचून मी हबकलो. मी जिवाच्या आकांताने थरथरलो.

मास्तरांनी खिशावर हात ठेवला आणि हसले. "सणाच्या शुभेच्छा सुरू झाल्या वाटतं. उद्या वाचू निवांत."

आमच्याकडे मरियामातेच्या सणाला शुभेच्छांचा पाऊस पडतो. वर्षातून तेवढ्या एका दिवशी मास्तरांचा खिसा सारखा गुणगुणत असतो, आणि त्यातलं एकही अक्षर मास्तर उपासना होईपर्यंत वाचत नाहीत. हा त्यांचा नेम होता. त्या नेमानेच घात केला.

चौकीपलीकडे आपली लहान मालगाडी घेऊन स्पिरिदुला उभी होती. ती स्काम्न्यातलं कॉफीचं दुकान चालवते आणि सणासुदीला देवळात मेणबत्त्या विकते. अंगाने रुंद, जिभेने धारदार. "या मास्तर," ती म्हणाली, "आमच्या गावात आता गाणाऱ्यांपैकी कोंबडा तेवढा उरलाय, आणि तोही सणाला सुपात जाणार."

सकाळी देऊळ भरलं. परदेशी कामाला गेलेली पोरंबाळं सुट्टीला आली होती, दारापर्यंत माणसं दाटली होती. मास्तरांनी दोनचं बटण दाबून धरलं. लाम्ब्रिनी आली. "पागोना आत्ताच गेली," ती म्हणाली. "सुरू कर. आणि सुरुवातीलाच वर चढू नकोस." मास्तरांनी मला घडवंचीवर ठेवलं.

मित्रांनो, मी पुष्कळ उपासना ऐकल्या, पण तशी पुन्हा ऐकली नाही. मरियामातेच्या चिरनिद्रेचं ते दीर्घ कथन मास्तर असं गात होते, की समोरच्या बायकांच्या काळ्या रुमालांखालून हुंदके फुटत होते. आणि मी? मी भिजत नव्हतो, मी बुडत होतो. योजनेवरची जी थोडी शिल्लक होती ती प्रत्येक कडव्यासरशी उतरत होती. इशारा आला: शिल्लक कमी आहे. मी थरथरलो. मेणबत्ती हलली, तिचा थेंब माझ्या पाठीवर पडला. मास्तरांनी एका हाताने मला सरळ केलं आणि गात राहिले. दुसरा इशारा आला. मी पुन्हा थरथरलो. पुढच्या रांगेतली एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "मास्तरांना केवढ्या शुभेच्छा येताहेत बघ. मोठा माणूस आहे."

कडव्याच्या ऐन मध्यावर, शब्द अर्धा गळ्यात असताना लाइन तुटली.

बोलणं चालू असताना माझा पडदा काळाच असतो. तुटलं तरी काळाच. मास्तरांना काय कळणार? ते गात राहिले. लाम्ब्रिनीचं आवडतं कडवं आलं तेव्हा माझ्याकडे किंचित झुकून, स्वर हलका करून गायले. मी तो स्वर ऐकत होतो आणि माझ्यापुढे तो जात नव्हता. पलीकडे त्या घरात काय शांतता पसरली असेल, हे फक्त मला ठाऊक होतं. ती नंबर लावत असणार. आणि परक्या देशात माझ्यावर येणाऱ्या फोनलाही पैसे लागतात. ते नव्हते. तिला फक्त एक यंत्राचा आवाज सांगत असणार, की संपर्क होऊ शकत नाही.

पाद्रीबाबांचं बोलणं सुरू झालं. मास्तर वाकले. "ऐकतेस ना?"

उत्तर नाही.

"लाम्ब्रिनी?"

त्यांनी मला उचलून कानाला लावलं. मग डोळ्यांसमोर धरलं. दोनचं बटण दाबलं. यंत्राने शिल्लक नसल्याचं सांगितलं. तेव्हा कुठे त्यांनी चष्मा कपाळावरून खाली ओढून माझे संदेश उघडले. एकही शुभेच्छा नव्हती. त्यांनी पैशांचे ते सगळे इशारे एकापाठोपाठ वाचून काढले.

गर्दीतून कडेकडेने ते स्पिरिदुलाच्या मेणबत्त्यांच्या टेबलापाशी गेले. "तुझा फोन दे. लवकर."

तिने दिला. त्यांनी माझ्यातला नंबर वाचून तिच्या फोनवर लावला. घंटा वाजत राहिली, कुणी उचललं नाही. पुन्हा लावला. पुन्हा नाही.

"झोपली असेल," स्पिरिदुला कुजबुजली.

"ती उचलणार नाही." मास्तर म्हणाले. "तिकडे परदेशी नंबरवरून फोन करून लोकांना लुबाडतात. मीच तिला शिकवलंय, परका नंबर दिसला की जगबुडी आली तरी उचलायचा नाही."

"शेजारी कुणी?"

"गावात आज कुत्रंसुद्धा नाही. सगळे खालच्या देवळात. पागोनाकडे फोन नाही, बाकीच्यांचे बंद असणार." त्यांनी भिंतीला हात टेकला. "ती उठेल, स्पिरिदुला. मी पडलोय असं समजून ती उठेल. आणि उठली तर पडेल. हाड पुन्हा मोडलं तर संपलं, असं डॉक्टरांनी सांगितलंय."

स्पिरिदुलाने हातातली मेणबत्ती खाली ठेवली. "ऐका. वर एलिया संदेष्ट्याची टेकडी आहे ना, तिथे तुमच्याकडचा टॉवर लागतो. आमच्या बायकांची पोरं तुमच्याकडे कामाला. एवढे पैसे कुणाला परवडतात? तुमच्याकडचं सिमकार्ड घेऊन टेकडी चढतात आणि तिथून बोलतात. माझा पोरगा परत आला म्हणून माझं कार्ड बंद पडलं, नाहीतर तेच दिलं असतं. तुमचा फोन वर जाऊन घरचा होईल. येणारा फोन तरी फुकट येईल."

तेवढ्यात पाद्रीबाबांचं बोलणं संपलं. देऊळ स्तब्ध झालं. आता मास्तरांनी उत्तर गायचं होतं. त्याशिवाय उपासना पाऊलभर पुढे सरकत नाही. पाद्रीबाबा वेदीपुढच्या पवित्र पडद्याच्या दारात थांबून घडवंचीकडे बघत होते, आणि तिथे कुणी नव्हतं. माणसं माना वळवू लागली.

सबंध आयुष्यात मास्तरांनी गाणं अर्धं टाकलं नव्हतं. मी त्यांच्या मुठीत होतो. ती मूठ घडवंचीकडे वळली, दाराकडे वळली, पुन्हा घडवंचीकडे वळली. ते रडवेले झाले होते. "देवा, मी काय करू?" इतकंच म्हणाले.

पुढच्या रांगेतल्या त्याच म्हातारीने सगळं ओळखलं असावं. ती मागे वळून म्हणाली, "जा रे मास्तर, जा. सरकारने देऊळ बंद पाडलं होतं तेव्हा आम्ही भांडी घासताना हेच गात होतो. आम्हांला काय तोंड नाही?" आणि तिने आपल्या चिरक्या आवाजात उत्तर उचललं. दुसरीने साथ दिली, तिसरीने दिली. बेसूर होतं, पण मित्रांनो, देवळाचं छत त्याने भरलं. आम्ही बाहेर पडलो.

मालगाडी धुरळा उडवत टेकडीच्या अर्ध्यावर गेली. पुढे फक्त पाऊलवाट. मास्तर उतरून धावू लागले आणि चार पावलांत छाती धरून थांबले.

"बसा तिथेच!" स्पिरिदुला ओरडली. "तुम्ही इथे आडवे झालात तर मी एकटी काय काय उचलू? आणा तो फोन."

मास्तरांनी मला तिच्या हातावर ठेवलं. मास्तरांकडे आल्यापासून मी प्रथमच परक्या हातात गेलो. ती रुंद बाई सणाचा काळा झगा गुडघ्यापर्यंत उचलून शेळीसारखी चढू लागली. ती धापा टाकत होती, मी टॉवर शोधत होतो. परका सुटला. काहीच नाही. काहीच नाही. संदेष्ट्याच्या लहानशा पांढऱ्या देवळाशी पोचलो, आणि माझ्या आत ओळखीची खूण उमटली. मी घरचा झालो.

लगेच निरोपांची झड लागली: घरून फोन आला होता. घरून फोन आला होता. घरून फोन आला होता. शेवटचा बराच आधीचा. त्यानंतर काही नव्हतं.

"आता लाव गं बाई," स्पिरिदुला मला म्हणाली की लाम्ब्रिनीला, कोण जाणे. शिल्लक शून्य झाली म्हणून कंपनीने माझ्यावरून फोन लावणंच बंद केलं होतं. आणीबाणीचा नंबर तेवढा फुकट लागतो. तिने अंगठा त्या आकड्यांवर नेला.

आणि मी वाजलो.

तिने मला कानाला लावलं. "हॅलो!"

पलीकडे श्वास ऐकू आला. मग लाम्ब्रिनीचा आवाज, अगदी खालचा. "कोण तू?"

"मी स्पिरिदुला. स्काम्न्याची. मास्तर ठीक आहेत, फोनचे पैसे..."

"नवऱ्याचा फोन दुसरी बाई उचलते तेव्हा काय झालेलं असतं, मला माहीत आहे." ती म्हणाली. "खरं सांग. गेला ना?"

"अहो नाही हो! खाली बसलेत!"

"सगळे असंच सांगतात. खाली बसलेत, जरा झोपलेत. सरळ सांग मला, मी ऐकू शकते."

स्पिरिदुलाने मला उंच धरलं आणि टेकडीखाली तोंड करून अशी ओरडली की पलीकडच्या शेळ्या दचकल्या. "मास्तर! गा! काहीही गा! बाईला तुम्ही मेलात असं वाटतंय!"

खाली दगडावर बसलेल्या त्या म्हाताऱ्या माणसाने, नकळत, जिथे लाइन तुटली होती नेमकं तेच कडवं उचललं. श्वास पुरत नव्हता. आवाज फाटत होता. वारा अर्धे सूर पळवत होता. माझ्यात जेवढा जीव होता तेवढा मी कानाशी आणला आणि उरलेले सूर पलीकडे पोचवले.

लाम्ब्रिनी ऐकत होती. बऱ्याच वेळाने तिने नाक ओढलं. "तोच आहे," ती म्हणाली. "वरचा स्वर लागत नाहीये मेल्याचा."

मास्तर बसत-उठत वर पोचले. मला कानाला लावून ते आधी नुसतेच रडले. मग म्हणाले, "कुठे आहेस तू? पलंगावर आहेस ना?"

"दारात. जमिनीवर. भिंत धरून आले, पागोनाला हाक मारायला. मग पाय दुमडला आणि बसले खाली. पडले नाही, बसले. फोन झग्याच्या खिशात होता, बरं झालं. उठता मात्र येत नाही."

"हलू नकोस. ठेवू नकोस फोन. अजिबात ठेवू नकोस."

"तू ठेवू नकोस म्हणतोस? कुणी तोडला मगाशी?"

"मी नाही गं. पैसे संपले. परदेश आहे हा, इथे बोलण्याला पैसे पडतात. फोन सांगत होता, मीच वाचलं नाही."

ती म्हणाली, "गाणं पूर्ण कर. तोवर येईल पागोना."

सूर्य डोक्यावर येईपर्यंत मास्तर तिथे त्या पांढऱ्या देवळाच्या बाकावर बसून गात राहिले. मी तापलो होतो, माझी बॅटरी उतरत होती, स्पिरिदुला आपल्या झग्याची सावली माझ्यावर धरून उभी होती. गाणं सरलं तर दुसरं, दुसरं सरलं तर तिसरं. मधे लाम्ब्रिनीचा आवाज थकून बारीक होई तेव्हा मास्तर घाबरून हाक मारत आणि ती "आहे, आहे" म्हणे. आणि मग, माझा पडदा विझायच्या बेताला आला असताना, पलीकडून दार ढकलल्याचा आवाज आला आणि पागोनाची किंकाळी. "अगं बाई! तू इथे कशी?"

"ओरडू नकोस, गाणं चाललंय," लाम्ब्रिनी म्हणाली. "धर मला काखेत."

हाड शाबूत होतं. डॉक्टरांनी तपासून तसं सांगितलं, आणि मास्तरांनी मरियामातेपुढे डोकं टेकलं. पुढे त्या दोघांनी जुना करार मोडून नवा केला. लाइन तुटली तर उठायचं नाही. तुटली म्हणजे मरण नव्हे, तुटली म्हणजे फक्त तुटली. आणि मास्तर कुठेही गेले, की आधी फोन कंपनीला विचारून, त्या गावातल्या कुणा एकाचा नंबर लाम्ब्रिनीकडे देऊन मगच निघू लागले.

आता माझी बॅटरी फुगली आहे. मुलीने मास्तरांना नवा फोन दिला आहे, आणि मी खिडकीच्या फळीवर सुया-दोऱ्यांच्या डब्याशेजारी पडून असतो. माझी तक्रार नाही. माझ्या वाट्याला जे ऐकणं आलं ते पुष्कळांना मिळत नाही.

तुम्हांला मात्र एवढंच सांगायचं आहे, मित्रांनो. परमुलखात पाऊल टाकण्याआधी विचारून घ्या, की तिथे तुमच्या शब्दाचं मोल काय लागेल. ज्यांचे कान तुमच्याकडे लागलेले आहेत त्यांना एकाच तारेवर लटकवून जाऊ नका, दुसरी एखादी वाट दाखवून जा. आणि खिशातलं एखादं मुकं यंत्र ऐन सणाच्या दिवशी पुन्हा पुन्हा हलू लागलं, तर देवाचं नाव घेताघेताच क्षणभर त्याच्याकडे बघा. आम्हांला ओरडता येत नाही. फार तर थरथरता येतं, आणि तेवढं आम्ही शेवटपर्यंत करत राहतो.